गाडी सेल्फ घेत नाही तेव्हा

गणेशचतुर्थीला तीन दिवस उरले होते. रोह्याला शिक्षकांची एक कार्यशाळा आटोपून मी निडीला मावशीकडे मुक्कामाला आलो होतो. पनवेल-रोहा लोहमार्गावर नागोठणे सोडले की रोह्याच्या अलीकडे निडी हे छोटेसे स्थानक लागते. पाऊस थांबून थांबून पडत होता. मावशीच्या घरासमोर एक पिकअप उभी होती. मागच्या हौद्यात पेंढ्यावर बसवलेल्या, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या गणेशमूर्ती होत्या. पेणच्या कारखान्यातून निघून त्या रोह्याला चालल्या होत्या. शेजारच्या घरी एक मूर्ती उतरवायची म्हणून चालकाने गाडी बंद केली आणि ती पुन्हा सुरू होईना. किल्ली फिरवली की बॉनेटखालून 'कटकटकटकट' असा आवाज येई. त्यापुढे काही नाही.

"नवीन बॅटरी टाकली सर, कालच. तरी सेल्फ घेत नाय," चालक सांगत होता. आदल्या दिवशी हाच आवाज आला तेव्हा एका गॅरेजवाल्याने 'बॅटरी गेली' असे सांगून नवी बसवून दिली होती. जुनी बदल्यात गेली. वरचे पाचएक हजार रुपये याने मामाकडून उसने घेतले होते. मूर्तींपैकी काही शाडूच्या होत्या आणि ताडपत्रीला एका कोपऱ्यात भोक होते. शाडू आणि पावसाचे पाणी यांचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

कार्यशाळेसाठी नेलेला मल्टिमीटर माझ्या पिशवीत होता. मी ऐटीत बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. १२.६ व्होल्ट. "बॅटरी उत्तम आहे. म्हणजे स्टार्टर गेला," मी जाहीर केले. या एका वाक्यात दोन चुका होत्या. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने त्या करायला नको होत्या. पण झाल्या खऱ्या. त्या कोणत्या हे कळायचे, तर किल्ली फिरवल्यावर काय काय घडते ते आधी पाहायला हवे.

किल्ली ते फ्लायव्हील

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दट्ट्याने सुमारे सोळा-अठरापट दाबली जाते. त्यामुळे ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. एकदा पेट घेतला की पुढचे काम इंजिन स्वतःच करते. पण पहिल्यांदा हवा दाबायची कोणी? ज्येष्ठ वाचकांना पुढून हँडल मारून सुरू होणारे ट्रक आठवत असतील. हँडल मारणे हे ताकदीचे आणि धोक्याचे काम होते. इंजिन उलटे फिरले की हँडल मनगटावर बसे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने १९११ मध्ये हे काम विजेच्या मोटरकडे सोपवले आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत ती मोटर बसून आली. त्याआधी केटरिंग दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर जोडण्याच्या कामावर होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच चालवावी लागते, आणि क्षणभरच चालवायची असेल तर लहान मोटरकडूनही तिच्या आवाक्याबाहेरचे काम करून घेता येते, हे त्याला ठाऊक होते. आजचा स्टार्टरही याच तत्त्वावर चालतो. पिकअपच्या स्टार्टरची मोटर जेमतेम मुसळाच्या डोक्याएवढी असते. पण इंजिन फिरवताना ती दोन-तीनशे अँपिअर विद्युतधारा घेते. पहिल्या क्षणी, म्हणजे ती अजून फिरू लागलेली नसताना, याहूनही जास्त. घरातल्या साध्या सॉकेटमधून आपण ५ ते ६ अँपिअर घेतो, हे मनात ठेवले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल.

एवढी धारा किल्लीतून नेता येणार नाही; किल्लीची बटणे वितळून जातील. म्हणून किल्ली फक्त एका विद्युतचुंबकाला धारा पुरवते. त्याला सोलेनॉइड म्हणतात. स्टार्टरच्या पाठीवर बसवलेली नळकांड्यासारखी ही वस्तू दोन कामे करते. एक म्हणजे आतला लोखंडी दांडा खेचून मोटरचे छोटे दंतचक्र फ्लायव्हीलच्या मोठ्या दंतचक्रात अडकवते. दुसरे म्हणजे त्याच दांड्याच्या टोकावरची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबते. ती बसली की बॅटरी आणि मोटर यांचा थेट संबंध जोडला जातो. गाडीतून जो 'खट्' असा आवाज येतो तो या दांड्याचा आणि चकतीचा.

या सोलेनॉइडमध्ये एक गंमत आहे. आत एक नाही, दोन वेटोळी असतात. एक दांडा खेचण्यासाठी, दुसरे तो धरून ठेवण्यासाठी. खेचायला जोर लागतो, म्हणून पहिल्या वेटोळ्यातून चाळीसएक अँपिअर जातात. दांडा एकदा आत गेला की चुंबक आणि लोखंड यांच्यातले अंतर मिटते आणि थोड्या धारेत काम भागते. खेचणाऱ्या वेटोळ्याचे दुसरे टोक मोटरच्या अग्राला जोडलेले असते. त्यामुळे चकती बसताच त्याच्या दोन्ही टोकांचे विभव सारखे होते आणि ते आपसूक बंद पडते. मागे राहते ते फक्त धरून ठेवणारे वेटोळे, सुमारे दहा अँपिअरवर चालणारे.

आता समजा, चकती बसली, मोटरने शेकडो अँपिअर मागितले आणि स्टार्टरच्या अग्रांमधले विभवांतर कोसळून तीन-चार व्होल्टवर आले. धरून ठेवणाऱ्या वेटोळ्याला तेवढे पुरत नाही. दांडा सुटतो, चकती उघडते, मोटरची धारा तुटते. धारा तुटताच विभवांतर पुन्हा वर जाते. किल्ली फिरवलेलीच असते, म्हणून दांडा पुन्हा खेचला जातो आणि पुन्हा सुटतो. हे सेकंदाला अनेकदा घडते आणि आपल्याला 'कटकटकटकट' ऐकू येते. शाळेतली जुन्या पद्धतीची विजेची घंटा अशीच वाजते. तिचा विद्युतचुंबक स्वतःचेच परिपथ तोडतो आणि जोडतो. दहावीला विद्युतधारेचे परिणाम शिकवताना घंटेच्या जोडीला हे उदाहरण जरूर सांगा. घंटा मुलांनी चित्रातच पाहिलेली असते, न सुरू होणारी गाडी मात्र प्रत्येकाने पाहिलेली असते.

एकच नव्हे, तीन आवाज

आपण सरसकट 'टकटक करते' म्हणतो. पण आवाज नीट ऐकला तर निम्मे निदान तिथेच होते. डॅशबोर्डच्या मागून किंवा फ्यूजच्या पेटीतून बारीक 'टिक्' आला आणि खालून काहीच आले नाही, तर तो रिलेचा आवाज. सोलेनॉइडपर्यंत धारा पोचलेलीच नाही. इंजिनाच्या बाजूने एकच भरदार 'खट्' आला आणि किल्ली सोडेपर्यंत शांतता असेल, तर सोलेनॉइडने आपले काम केले आहे आणि धरूनही ठेवले आहे. म्हणजे विभवांतर कोसळलेले नाही. दोष पुढे, जळालेल्या चकतीत किंवा मोटरच्या झिजलेल्या कार्बन ब्रशमध्ये आहे. मुरलेले चालक अशा वेळी स्टार्टरला चाकाच्या पान्याने दोन टोले देतात आणि गाडी सुरू होते. त्यात जादू नाही. खोबणीत अडकलेला ब्रश हादऱ्याने खाली सरकून आर्मेचरला टेकतो इतकेच. ब्रश नवे झालेले नसतात, तेव्हा त्याच आठवड्यात पुन्हा टोले द्यावे लागतात. तिसरा आवाज आमच्या पिकअपचा, कटकटकटकट. त्याचा अर्थ विभवांतर कोसळते आहे. कुठे कोसळते आहे, हे मात्र तो आवाज सांगत नाही. माझी पहिली चूक इथली. कटकट चालू असताना मी स्टार्टरला दोष दिला.

एका 'खट्'बद्दल कोकणातल्या वाचकांना वेगळे सांगायला हवे. २६ जुलै २००५ च्या आणि जुलै २०२१ मधल्या महाड-चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. हवा दाबता येते, पाणी जवळजवळ दाबता येत नाही. स्टार्टर मारला की दट्ट्या पाण्यावर आदळून अडतो, एक 'खट्' होतो आणि दिवे एकदम मंद होतात. पुन्हापुन्हा स्टार्टर मारला किंवा धक्का देऊन गाडी सुरू करायचा हट्ट केला, तर आतला दांडा वाकतो. पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवूच नये. आधी मेकॅनिककडून सिलिंडर रिकामे करून घ्यावेत.

१२.६ व्होल्टचे मौन

दुसरी चूक अधिक मूलभूत आहे, आणि माझा अनुभव असा की ती विज्ञानाच्या पदवीधरांकडूनच जास्त होते.

गच्चीवरच्या टाकीतून येणारा नळ बंद आहे आणि वाटेत पाइपमध्ये कचरा अडकला आहे, अशी कल्पना करा. नळापाशी दाब किती? टाकीच्या उंचीमुळे जितका असायला हवा तितकाच, पुरेपूर. कचऱ्याचा पत्ताच लागत नाही. नळ उघडा आणि मग पाहा, करंगळीएवढी धार येते. पाणी वाहू लागल्याशिवाय अडथळा दिसत नाही. बॅटरीचेही तेच. ओहमचा नियम आपण V = IR असा फळ्यावर लिहितो; पण I शून्य असेल तर R कितीही असला तरी V शून्यच, हे वाक्य त्याच नियमात दडलेले आहे आणि ते सहसा कोणी वाचत नाही. गाडी बंद असताना मीटर लावून मी धारा शून्य असतानाचे विभवांतर मोजत होतो. त्यावरून बॅटरी किती भरली आहे याचा अंदाज येतो. शिशाच्या बॅटरीत सहा घट असतात, पूर्ण भरलेला प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्टचा, बेरीज १२.६. परंतु धारा मागितल्यावर ती मिळेल की नाही, याबद्दल तो आकडा मौन पाळतो.

आता थोडा हिशेब करू. आकडे सोयीसाठी सोपे घेतले आहेत, पण त्यांचे प्रमाण खरे आहे. थांबलेल्या मोटरचा रोध ०.०२ ओहम आणि बॅटरीचा अंतर्गत रोध, तारा धरून, ०.०१ ओहम. एकूण ०.०३ ओहम. १२.५ व्होल्टला धारा सुमारे ४१७ अँपिअर. मोटर दणक्यात फिरू लागेल. आता या मार्गात कुठेतरी एक गंजलेला सांधा आला. त्याचा रोध फक्त ०.०५ ओहम. इतका लहान की प्रयोगशाळेत आपण तो शून्य धरला असता. एकूण रोध झाला ०.०८ ओहम आणि धारा उतरली १५६ अँपिअरवर. मोटरच्या वाट्याला १५६ × ०.०२, म्हणजे सुमारे ३ व्होल्ट. सांध्यात अडकले १५६ × ०.०५, म्हणजे जवळजवळ ८ व्होल्ट! जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये क्षेत्र-वेटोळे आर्मेचरच्या एकसरीत असते. तिथे फिरवण्याचा जोर साधारणपणे धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो सातव्या हिश्श्यावर आला. कायम चुंबकाच्या मोटरमध्येही तो चाळीस टक्क्यांच्या खाली गेला. इंजिन हलणार नाही.

त्याच सांध्यातून समोरचे दोन दिवे लावले तर? दोन्ही मिळून सुमारे ९ अँपिअर घेतात. ९ × ०.०५ म्हणजे अर्ध्या व्होल्टहूनही कमी. दिवे लख्ख लागतील, हॉर्न वाजेल. 'दिवे लागतात म्हणजे बॅटरीकडून सगळे ठीक आहे' ही समजूत इथे फसते. दिव्याने विचारलेला प्रश्न सोपा होता, स्टार्टरचा प्रश्न चाळीसपट अवघड.

असा सांधा मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर का सापडत नाही? कारण मीटरच्या स्वतःच्या दोन तारांचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो. पोत्याच्या काट्यावर चिमूटभर मीठ तोलण्यासारखे ते आहे. मग उपाय काय? मोठी धारा वाहू द्यायची आणि सांध्याच्या दोन बाजूंना व्होल्टमीटर लावून त्यावर किती विभवांतर खर्च होते ते पाहायचे. स्टार्टर मारत असताना चांगल्या सांध्यावर ०.२ व्होल्टहून जास्त खर्च होऊ नये. मार्गाच्या एका संपूर्ण बाजूला अर्धा व्होल्ट ही साधारण मर्यादा धरतात.

दिवे मंद होत नाहीत

चालकाने मला स्टार्टर उतरवू दिला नाही. तो म्हणाला, "पण सर, सेल्फ मारताना लाइट जरा पण मंद होत नाय. बॅटरी उतरली की ती पार मिणमिणते."

मी त्याला पुन्हा किल्ली फिरवायला सांगितले आणि पुढे उभा राहिलो. कटकटकटकट, आणि दिवे किंचित थरथरले, बस्स. हा माणूस आपल्या वाक्यात सबंध परिपथाचे विश्लेषण सांगून गेला होता. स्टार्टरपाशी विभवांतर कोसळते आहे हे आवाज सांगत होता. बॅटरीपाशी कोसळत नाही हे दिवे सांगत होते. म्हणजे ते दोहोंच्या मधेच कुठेतरी खर्च होत होते, आणि तेही अशा भागात जो दिव्यांच्या वाटेवर नाही. बॅटरीच्या अग्रावरची पकड सैल किंवा गंजलेली असती, तर दिवेही मिणमिणले असते, कारण त्यांची वाट त्याच पकडीतून जाते.

राहिल्या दोन वाटा. धन अग्राकडून स्टार्टरकडे जाणारी जाड तार, किंवा परतीची वाट. परतीच्या वाटेकडे लक्ष जात नाही, कारण ती तारेसारखी दिसत नाही. बॅटरीचे ऋण अग्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि दिवे आपली धारा सांगाड्यातूनच परत पाठवतात. स्टार्टर मात्र इंजिनावर बसवलेला आहे आणि इंजिन, हादरे कमी व्हावेत म्हणून, रबराच्या ठोकळ्यांवर. रबर दुर्वाहक! म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, गॅरेजमध्ये तिला अर्थिंग पट्टी म्हणतात. सगळी शेकडो अँपिअर धारा तिच्यातून परतते. ती खाली, चिखलपाण्याच्या माऱ्यात असते, आणि रोजच्या सर्व्हिसिंगमध्ये तिला कोणी हात लावत नाही.

मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राला आणि दुसरे इंजिनाच्या धातूला लावले. ही दोन्ही ठिकाणे 'अर्थ' आहेत. त्यांच्यात काही विभवांतर असता कामा नये. चालकाने किल्ली फिरवली. कटकटीमुळे आकडे नाचत होते, ३, ७, ५, पुन्हा ७. (अशा वेळी जुना काट्याचा मीटर बरा.) पण शून्याच्या आसपास ते एकदाही आले नाहीत. इंजिनाचे सबंध धूड बॅटरीच्या ऋण टोकापासून पाच-सात व्होल्ट वर उचलले जात होते.

शेजारच्या टेम्पोवाल्याकडे जंप द्यायच्या दोन तारा होत्या. त्यातली एकच, काळी, आम्ही घेतली. एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राला, दुसरे इंजिन उचलायच्या लोखंडी कडीला. दुसरी बॅटरी नाही, काही नाही. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तार काढून घेतली आणि चालकाला सांगितले, "दादा, मूर्ती उतरेपर्यंत गाडी बंद करू नका." पाऊस पुन्हा सुरू व्हायच्या आत तो निघाला.

मग आदल्या दिवशी नव्या बॅटरीने गाडी सुरू कशी झाली? रोध बेरजेने वाढतात. गंजणारी पट्टी आणि वयस्कर बॅटरी यांची बेरीज मर्यादेपलीकडे गेली होती. बॅटरी नवी आली, तिचा अंतर्गत रोध कमी, बेरीज पुन्हा मर्यादेच्या आत आली. पट्टी आणखी एका पावसाळी दिवसाने बिघडली आणि उसने आणलेले पाच हजार वाहून गेले. बरे, जुनी बॅटरी 'डाउन' होती हे गॅरेजवाल्याचे म्हणणेही खोटे नसावे. अल्टरनेटरही इंजिनावरच बसतो आणि बॅटरी भरणारी धारा त्याच पट्टीतून फिरते. अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट तयार केले, धारा ३० अँपिअर असली, तर ०.०५ ओहमच्या पट्टीवर दीड व्होल्ट खर्च होणार. बॅटरीला मिळणार १२.७. एवढ्यात ती पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या शिशाच्या पाट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि बॅटरी खरोखरच निकामी होऊ लागते. पट्टी आधी बदलली असती तर जुनी बॅटरी रात्रभर भरून वाचली असती का? असती असे मला वाटते. पण ती बदल्यात गेली होती, तेव्हा तपासता आले नाही.

वर्गात

गाडी वर्गात आणता येत नाही, पण तिचे निदान आणता येते. दोन मोठे कोरडे घट, खेळण्यातली एक मोटर, एक लाल एलईडी, तिच्या एकसरीत १०० ओहमचा रोध, आणि 'गंजलेला सांधा' म्हणून १५ ओहमचा एक रोध घ्या. एलईडी म्हणजे गाडीचा दिवा, मोटर म्हणजे स्टार्टर. दोन्ही समांतर जोडा. आधी १५ ओहमचा रोध घटाच्या अग्रालाच, म्हणजे दोन्ही वाटांच्या आधी लावा. एलईडी छान लागते. मोटर जोडली की ती हूं करून अडते आणि एलईडी विझते. ही खराब पकड किंवा उतरलेली बॅटरी. आता तोच रोध तिथून काढून फक्त मोटरच्या शाखेत घाला. मोटर आताही फिरत नाही, पण एलईडी तशीच तेवत राहते. ही आमची पिकअप. दोन्ही जोडण्या आधी पुठ्ठ्याच्या डब्यात झाकून ठेवा आणि मुलांना बाहेरून, फक्त एलईडीकडे पाहून, रोध कुठे आहे ते ओळखायला सांगा.

अंतर्गत रोध दाखवायला घड्याळातून काढून टाकलेला घट पुरतो. नुसता मोजला तर १.४ व्होल्ट दाखवतो. टॉर्चचा बल्ब जोडून पुन्हा मोजा, समजा ०.८ व्होल्ट आणि ०.२ अँपिअर आले. हरवलेले ०.६ व्होल्ट भागिले ०.२, म्हणजे ३ ओहम घटाच्या पोटात आहेत. घड्याळ मात्र याच घटावर अजून महिनाभर चालले असते.

गाडीच्या बॅटरीवर प्रयोग करायचाच, तर काही गोष्टी पाळाव्याच लागतात. भरत असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ विडी-काडी नको. हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ उतरवून ठेवा; चारशे अँपिअर अंगठीतून गेले तर बोट भाजते. पकडी सोडताना ऋण अग्र आधी सोडावे आणि बसवताना शेवटी बसवावे, म्हणजे धन अग्रावरचा पाना चुकून सांगाड्याला लागला तरी परिपथ पूर्ण होत नाही. अग्रांवर जमणारी पांढरी-निळी भुकटी लेड सल्फेट आणि कॉपर सल्फेटची असते. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी; फसफसून आम्ल उदासीन होते. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका, आणि शिसे विषारी असल्याने नंतर हात स्वच्छ धुवा. गाडीखाली शिरून सोलेनॉइडचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडण्याची एक पद्धत गॅरेजमध्ये दिसते. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावरून जाते. विद्यार्थ्यांना हे दाखवूसुद्धा नये. स्टार्टरही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मघाच्या हिशेबात त्या सांध्यात १५६ × १५६ × ०.०५, म्हणजे बाराशे वॉट उष्णता निर्माण होत होती, एका इस्त्रीएवढी. कटकटीत धारा तुटक असते म्हणून ती कमी होते, तरीही दोष असलेला सांधा हाताला गरम लागतो. मीटर नसेल तर किल्ली बंद करून एकेक सांधा बोटाने हलकेच चाचपणे ही वाईट पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चालक परतीच्या वाटेवर मावशीकडे थांबला. मूर्ती सगळ्या नीट पोचल्या होत्या. रोह्यात नवी पट्टी बसवून झाली होती, दोनशे रुपयांच्या आत. जुनी त्याने माझ्यासाठी आणली होती. वरून ती ठाकठीक दिसते. टोकाला जिथे तांब्याचे विणकाम धातूच्या टोपीत दाबून बसवलेले आहे, तिथे आत हिरवी भुकटी भरली आहे. आता मी ती कार्यशाळांना नेतो आणि शिक्षकांना तिचा रोध मोजायला सांगतो. मल्टिमीटर ०.३ ओहम दाखवतो. पट्टी बाजूला ठेवून मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवली, तरी ०.३ च.